धातू, पाणी, घनता अन् उष्णतेची गणितं दरवेळी चुकून राहिली का? आधी चुकलेलं उत्तर नीट वाचा

अकरावी-बारावीच्या पोट्ट्यांचा हा दरवर्षीचा प्रॉब्लेम आहे. गरम धातू थंड पाण्यात टाकला, शेवटचं तापमान काढा. नाहीतर पाणी इतकं तापलं, धातूची विशिष्ट उष्माधारकता (१ ग्रॅम पदार्थ १ अंशानं तापवायला लागणारी उष्णता) काढा. नाहीतर मेजरिंग सिलिंडरमध्ये पाणी इथून इथवर चढलं, घनता सांगा. सूत्र पाठ असते, आकडेमोड पण बरोबर असते, तरी उत्तर पुस्तकाच्या मागच्या उत्तराशी जुळत नाही, मग पोरगं काय करते तर सगळं खोडून पुन्हा तेच सूत्र लिहिते, पुन्हा तेच आकडे भरते अन् पुन्हा तेच चुकीचं उत्तर काढते, आणि शेवटी म्हणते की मला केमिस्ट्री जमतच नाही.

जमते बाप्पा. या टॉपिकमध्ये चुकायचे रस्तेच थोडे आहेत, आणि प्रत्येक रस्त्यानं गेलं की एक ठरावीक आकडा हातात येतो. म्हणून चुकलेलं उत्तर खोडायच्या आधी त्याच्याकडे दोन मिनिटं पाहा, ते स्वतःच सांगते की गडबड कुठं झाली. हे नुसतं बोलून पटणार नाही म्हणून एकच गणित घेतो अन् ते जेवढ्या प्रकारे चुकू शकते तेवढ्या प्रकारे चुकवून दाखवतो.

गणित असं: १५० ग्रॅम तांब्याचा तुकडा ९९ अंश सेल्सिअसला तापवला आणि ३० अंशाच्या २०० ग्रॅम पाण्यात टाकला. तांब्याची विशिष्ट उष्माधारकता ०.३८५ ज्यूल प्रति ग्रॅम प्रति अंश, पाण्याची ४.१८४. भांडं उष्णता घेत नाही असं धरा. शेवटचं तापमान किती?

(९९ काऊन, १०० काऊन नाही, ते खाली सांगतो.)

बरोबर उत्तर ३४.५ अंश आहे. आता तुमचं काय आलं ते पाहा.

२४.९ आलं का? म्हणजे गरम तांबं टाकल्यावर पाणी ३० वरून २५ वर उतरलं! असं होऊ शकत नाही हे शेंबडं पोरगं पण सांगेल. ही चिन्हाची चूक आहे. तुम्ही दोन्हीकडे "शेवटचं वजा सुरुवातीचं" लिहिलं आणि मधे सरळ बरोबरचं चिन्ह टाकलं. तांब्याची बाजू ऋण येते, पाण्याची धन येते, तर एकीकडे वजा चिन्ह लावावं लागते. ज्यांना हे वजा सारखं विसरायला होते त्यांनी दहावीचीच पद्धत धरून ठेवावी, उष्ण वस्तूनं गमावलेली उष्णता बरोबर थंड वस्तूनं घेतलेली उष्णता, आणि फरक काढताना दोन्हीकडे मोठ्यातून लहान वजा करायचं. तांब्यासाठी ९९ वजा शेवटचं, पाण्यासाठी शेवटचं वजा ३०. काही कमीपणा नाही त्यात. चिन्हांची पद्धत पुढं थर्मोडायनॅमिक्सला लागतेच, तेव्हा शिकून घ्या, पण इथं अडत असेल तर इथं नका लावू.

६४.५ आलं असेल तर तुम्ही गणित केलंच नाही, ९९ आणि ३० ची सरासरी काढली. सरासरी तेव्हाच चालते जेव्हा दोन्ही वस्तूंचं वस्तुमान गुणिले विशिष्ट उष्माधारकता सारखं येते, जसं सारख्या वजनाच्या अन् एकाच पदार्थाच्या दोन वस्तूंचं.

९१.५ हे जरा फसवं आहे, कारण ३० आणि ९९ च्या मधे आहे म्हणून बरोबर वाटते. इथं विशिष्ट उष्माधारकता अदलाबदल झाल्या, ४.१८४ तांब्याला लागली अन् ०.३८५ पाण्याला. ९८.० आलं तर तांब्याची ३८५ घेतली, म्हणजे किलोग्रॅमवाली, आणि वजन मात्र ग्रॅममध्येच ठेवलं. याच्या उलट पाण्याची ४१८४ घेतली आणि तांब्याची ०.३८५ तर उत्तर ३०.००५ येते, म्हणजे पाणी जणू हललंच नाही. हजारपटीची चूक झाली की उत्तर नेहमी कोण्या तरी एका टोकाला जाऊन चिकटते, हे ध्यानात ठेवा.

आणि ४५.५ आलं का? हे सगळ्यात जास्त पोरांचं येते आणि सगळ्यात उशिरा सापडते. कारण असं की दहावीला आपण उष्णता कॅलरीत मोजली, पाण्याची विशिष्ट उष्माधारकता १ हे डोक्यात पक्कं बसलं, आणि अकरावीत आल्यावर तांब्याची किंमत नव्या तक्त्यातून ज्यूलमध्ये उचलली. अर्धं कॅलरीत, अर्धं ज्यूलमध्ये. उत्तर एकदम दिसायला चांगलं येते, ३० च्या वर, ९९ च्या खाली, फार टोकाला पण नाही. कॅलरीतच करायचं असेल तर बिनधास्त करा, पण मग तांब्याची पण कॅलरीतली घ्या, ०.०९२. १ कॅलरी म्हणजे ४.१८४ ज्यूल, दोन्ही किमतींना त्यानंच भागलं की झालं, उत्तर पुन्हा ३४.५ च येते.

आता तुम्ही म्हणाल की बरोबर उत्तर माहीत नसताना ९१.५ किंवा ४५.५ चूक आहे हे कसं समजणार. बरोबर प्रश्न आहे. बरेच जण म्हणतात की उत्तर परत समीकरणात टाकून तपासा. ते नक्की करा, पण त्यानं फक्त आकडेमोडीची चूक पकडल्या जाते. किमतीच चुकीच्या घेतल्या असतील तर चुकीचं उत्तर चुकीच्या समीकरणात मस्त बसते अन् तुम्हाला वाटते सगळं ठीक आहे.

त्यासाठी मी पोरांना गणित सोडवायच्या आधी एक गोष्ट करायला लावतो. दोघांच्या वस्तुमान गुणिले विशिष्ट उष्माधारकता आधी काढून ठेवा. तांब्याचं १५० गुणिले ०.३८५, साधारण ५८. पाण्याचं २०० गुणिले ४.१८४, साधारण ८३७. म्हणजे पाणी तांब्याच्या साडेचौदा पट "जड" आहे उष्णतेच्या हिशेबानं. याचा अर्थ पाणी १ अंश चढते तेव्हा तांबं साडेचौदा अंश उतरते. मधलं अंतर ६९ अंशाचं, त्याचे साडेपंधरा भाग करा, एक भाग पाण्याचा, साडेचौदा तांब्याचे. ६९ भागिले १५.५ म्हणजे ४.४५. पाणी ३० वरून ३४.४५ वर. झालं गणित, ना चिन्ह ना कंस. अर्धं पान वाचते अन् चूक व्हायला जागाच राहत नाही. परीक्षेत पायऱ्या दाखवाव्या लागतात तर पूर्ण समीकरण लिहा, पण उत्तर कुठं यायला पाहिजे हे तुम्हाला आधीच माहीत असते, मग ९१ आलं की पेन आपोआप थांबतो.

शेवटचं तापमान नेहमी त्या "जड" वस्तूच्या जवळ राहते. पाणी असलं की बहुतेक वेळा पाण्याच्याच जवळ, कारण धातूंची विशिष्ट उष्माधारकता फार कमी असते: ॲल्युमिनियम ०.९०, लोखंड ०.४५, तांबं ०.३८५, चांदी ०.२३५, शिसं ०.१३. पाण्याच्या आसपास पण कोणी नाही यात.

यातूनच उलट्या गणिताची टेस्ट मिळते, म्हणजे जिथं तापमान दिलंय आणि धातूची विशिष्ट उष्माधारकता काढायचीय. उत्तर ४ च्या वर आलं की समजा घोटाळा आहे. वरच्याच गणितात कोणी तापमानाच्या फरकात २७३ मिळवले, म्हणजे पाणी ४.५ अंश तापलं त्याचं २७७.५ केलं आणि तांबं ६४.५ अंश निवलं त्याचं ३३७.५ केलं, तर तांब्याची विशिष्ट उष्माधारकता ४.६ येते, पाण्यापेक्षा जास्त! फरक केल्विनमध्ये घ्या की सेल्सिअसमध्ये, तोच असतो, २७३ वजाबाकीत कटून जाते. वायूंच्या गणितात २७३ मिळवायची सवय लागली असते म्हणून हात तिकडं जाते, पण इथं नाही.

अजून एक चूक आकड्यावरून समजते. बर्फाच्या गणितात उत्तर शून्याच्या खाली गेलं की समजा बर्फ पूर्ण वितळलाच नव्हता. ५० अंशाच्या १०० ग्रॅम पाण्यात शून्य अंशाचा १०० ग्रॅम बर्फ टाका अन् सरळ समीकरण मांडा, उत्तर उणे १४.९ येईल. बर्फ वितळायला ग्रॅमला ३३४ ज्यूल पाहिजे, सगळ्याला ३३४००, आणि पाण्याजवळ शून्यापर्यंत निवून द्यायला आहेत फक्त २०९२०. तेवढ्यात ६२.६ ग्रॅम वितळते आणि तापमान शून्यावरच थांबते. तसंच वरच्या बाजूला. ६०० अंशाचं २०० ग्रॅम लोखंड ३० अंशाच्या १०० ग्रॅम पाण्यात बुडवलं तर सरळ समीकरण १३१ अंश सांगते. उघड्या भांड्यातलं पाणी १३१ ला राहत नाही, त्यातलं काही वाफ होऊन जाते. १०० पर्यंतचा हिशेब आधी करा, उरलेल्या ज्यूलला २२५७ नं भागा (१ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला लागणारे ज्यूल), साधारण ७ ग्रॅम वाफ निघते. (लोखंडाची विशिष्ट उष्माधारकता एवढ्या तापमानाला थोडी वाढते, पण आपल्या लेव्हलच्या गणितात ती एकच धरतात.)

आता घनता. इथं चुका सोप्या आहेत, पण मार्क तेवढेच जातात.

६७.५ ग्रॅमचा तुकडा. सिलिंडरमध्ये पाणी ५०.० मिलीवर होतं, तुकडा बुडाल्यावर ५८.६ वर गेलं. ज्याचं उत्तर १.१५ आलं त्यानं ५८.६ नं भागलं, म्हणजे पाण्याचं आकारमान पण तुकड्याच्याच खात्यात टाकलं. ज्याचं ०.१३ आलं त्यानं भागाकार उलटा केला. बरोबर म्हणजे ६७.५ भागिले ८.६, ७.८ ग्रॅम प्रति मिली, बहुतेक लोखंड. धातूंच्या घनतेचा सगळ्यात सोपा पहारेकरी हा की सगळ्यात हलका धातू लिथियम ०.५३ आणि सगळ्यात दाट ऑस्मियम २२.६. याच्या बाहेरचा आकडा कोण्याच धातूचा नसते. आणि नेहमीच्या वापरातला धातू पाण्यात बुडून राहिला असेल तर मॅग्नेशियमच्या १.७४ पासून पुढंच पाहा. सोडियम ०.९७, पोटॅशियम ०.८६, हे तर पाण्यावर तरंगतात आणि तरंगता तरंगता पेट घेऊ शकतात, त्यांची घनता पाण्यात बुडवून काढायचं कोणी गणितात पण लिहू नये.

बरेच जण मला विचारतात की ७.८५ लिहिलं तर मार्क काऊन कापले. कारण ८.६ मध्ये दोनच सार्थ अंक (मोजमापातले भरवशाचे अंक) आहेत. ५८.६ मध्ये तीन होते, ५०.० मध्ये तीन होते, पण वजाबाकी केली की एक गेला. सिलिंडर वाचताना ०.१ मिली इकडंतिकडं झालं तर आकारमान ८.५ किंवा ८.७, म्हणजे घनता ७.९४ नाहीतर ७.७६. मग ७.८४८८ लिहिण्यात अर्थ काय राहिला? तीच गोष्ट तापमानाची: ३४.५ वजा ३०.० म्हणजे ४.५, दोनच अंक. वजाबाकी झाली की थांबून अंक मोजा.

एककाचं एकच सांगतो. १ घनमीटर म्हणजे १०० घन सेंमी नाही, १० लाख घन सेंमी. तांब्याचं ८.९६ ग्रॅम प्रति घन सेंमी म्हणजे ८९६० किलो प्रति घनमीटर, हजारानं गुणायचं फक्त. फॉइलच्या जाडीच्या गणितात पण हेच गंडते. ३० बाय २० सेंमीचा ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा, वजन २.६ ग्रॅम, घनता २.७०. जाडी ०.००१६ सेंमी, म्हणजे ०.०१६ मिमी. कोणाचं १.६ मिमी येते, तेव्हा त्यानं घरी जाऊन फॉइल हातात घेऊन पाहावं, १.६ मिमीचा पत्रा असते, पोळ्या गुंडाळता येणार नाहीत त्यात.

घनता आणि उष्णता एकाच गणितात काऊन विचारतात हे पण समजून घ्या, म्हणजे ते गणित भीतीदायक वाटत नाही. १८१९ मध्ये ड्यूलाँग आणि पेती या दोघांनी दाखवलं की घन मूलद्रव्याची विशिष्ट उष्माधारकता गुणिले अणुवस्तुमान जवळपास सारखं येते, आजच्या एककात मोलला साधारण २५ ज्यूल प्रति अंश. तांबं: ६३.५५ गुणिले ०.३८५, २४.५. लोखंड: ५५.८५ गुणिले ०.४४९, २५.१. म्हणजे अनोळखी धातूची विशिष्ट उष्माधारकता मिळाली की २५ ला तिनं भागा, अणुवस्तुमानाचा अंदाज हातात. पण ०.३८५ आलं तर २५ भागिले ०.३८५ म्हणजे ६५, आता हे तांबं (६३.५५) की जस्त (६५.३८)? जस्ताची विशिष्ट उष्माधारकता ०.३८८. कोण्याच शाळेच्या थर्मामीटरनं हे दोघं वेगळे करता येत नाहीत. घनता काढली की लगेच समजते, जस्त ७.१४ आणि तांबं ८.९६. शिसं आणि सोनं पण तसंच, दोघांची उष्माधारकता जवळपास सारखी, घनता मात्र ११.३ आणि १९.३. एका मोजमापानं न सुटणारा प्रश्न दोन मोजमापांनी सुटते, म्हणून दोन्ही देतात. मला तर या टॉपिकमधलं हेच सगळ्यात सुंदर वाटते. नागपूरच्या इतवारी बाजारातून आणलेला पितळेचा तुकडा यात मात्र गोंधळ घालते, पितळ म्हणजे तांबं अधिक जस्त, घनता साधारण साडेआठ येईल अन् पोरं तक्त्यात त्या नावाचं मूलद्रव्य शोधत बसतात.

धातू पाण्याशी रिॲक्शन करत असेल तर वरचं "गमावलेली बरोबर घेतलेली" एवढ्यानं पुरत नाही, रिॲक्शनची उष्णता वेगळी मोजावी लागते. सोडियमच्या १ मोलला साधारण १८४ किलोज्यूल सुटतात. २.३ ग्रॅम सोडियम, ०.१ मोल, १८.४ किलोज्यूल, २०० ग्रॅम पाणी साधारण २२ अंशांनी तापते. इथं हटकून होणारी चूक हायड्रोजनची: सोडियमच्या २ मोलमागे हायड्रोजन १ मोल, तर ०.१ मोल सोडियमला हायड्रोजन ०.०५. कॅल्शियमला मात्र एकास एक.

आता प्रॅक्टिकलवाल्यांसाठी, कारण कागदावर सगळं जमते अन् लॅबमध्ये तांब्याचं उत्तर लोखंडासारखं येते.

पहिली गोष्ट, नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर आहे. इथं उघड्या भांड्यात पाणी १०० ला नाही, ९९ च्या आसपास उकळते. पुस्तकात १०० लिहिलं म्हणून १०० धरू नका, थर्मामीटर जे दाखवते ते लिहा.

दुसरी, खोलीचं तापमान २५ हे पुस्तकातलं. मे महिन्यात आपल्याकडे लॅबच्या नळाचं पाणी ३८-४० अंशावर आरामात असते, तेव्हा सुरुवातीचं तापमान मोजल्याशिवाय लिहूच नका. उन्हाळ्यात माठातलं पाणी घेतलं तर अजून एक फायदा होते. ते खोलीपेक्षा थंड असते, धातू टाकल्यावर खोलीपेक्षा थोडं गरम होते, मग आधी बाहेरून जेवढी उष्णता आत येते जवळपास तेवढी नंतर बाहेर जाते आणि चूक बरीचशी कटते.

तिसरी, २०० ग्रॅम पाण्यात तापमान साडेचार अंशच चढते अन् १-१ अंशाच्या खुणा असलेल्या थर्मामीटरनं साडेचार मोजायचे म्हणजे अर्ध्या अंशाची चूक झाली तरी उत्तर ११ टक्क्यांनी हलते. पाणी १०० ग्रॅम घ्या, तेच तांबं ८.४ अंश चढवते.

आणि ते लोखंडासारखं उत्तर. ते बहुतेक वेळा ओल्या तुकड्यांमुळं येते. तांब्याचे छोटे तुकडे उकळत्या पाण्यातून चमच्यानं काढले की फटींमध्ये २ ग्रॅम उकळतं पाणी सहज बरोबर येते. पाण्याची उष्माधारकता केवढी मोठी ते वर पाहिलंच, ते २ ग्रॅम एकटेच पाचशेच्या वर ज्यूल आणतात, आणि आपण ते सगळे तांब्याच्या नावावर लिहितो. हिशेब केला तर ०.३८५ च्या जागी ०.४४ येते, अन् २५ भागिले ०.४४ म्हणजे ५७, पोरगं खुशीत "लोखंड" लिहून मोकळं होते. टिपकागदानं पुसायला गेलं तर तेवढ्या वेळात तुकडे हवेत निवतात आणि चूक उलट्या बाजूनं होते. त्यापेक्षा तुकडे आधीच कोरड्या टेस्ट ट्यूबमध्ये भरा, ती ट्यूब उकळत्या पाण्यात दहा मिनिटं उभी ठेवा, ट्यूब बाहेरून पुसा आणि तुकडे एका झटक्यात पाण्यात ओता, पाणी अंगावर उडू न देता. मग हळूहळू ढवळत राहा अन् थर्मामीटर जो सगळ्यात वरचा आकडा दाखवेल तो लिहा, पहिला दिसलेला नाही.